भोकाची वांगी

मंडईत रोज सकाळी भेटणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. चार भाजीवाल्यांकडं हिंडून ते भोक पडलेली वांगीच निवडायचे आणि वर चांगल्याचा भाव द्यायचे. वांगं नाकाशी धरून आख्ख्या मंडईला ऐकू जाईल असं सांगायचे, "अळीनं खाल्लंय म्हंजे औषध मारल्यालं न्हाय. घ्या वैनी, डोळं झाकून!" त्यांच्यामुळं मीही भोकं शोधायला शिकले.

एकदा गुलाबावर मावा पडला, म्हणून शेतीऔषधांच्या दुकानात गेले, तर काउंटरमागं तेच! कोडोलीच्या एका शेतकऱ्याला बाटली देत बजावत होते, "तोडायच्या आदल्या दिवशी बी मारा की. एक भोक दिसायचं न्हाय."

आदल्या दिवशी! म्हणजे दुसऱ्या दिवशी ते औषध आमच्याच पातेल्यात.

शेतकऱ्यानं खूश होऊन चकचकीत वांग्यांची पिशवी त्यांच्यापुढं ठेवली आणि तो गेला. मग त्यांनी मला बघितलं. चेहरा जरासुद्धा पडला नाही. पिशवी त्यांनी हसत माझ्याकडं सरकवली.

"न्या की वैनी घरला. आमच्यात असली चालत न्हाईत."