वन्संच्या खोलीची खिडकी

आमच्या भाडेकरू समितीत तिला सगळे चिकटपट्टी म्हणतात. चपलांच्या कारखान्यात तळ चिकटवण्यात तिची उमर गेली. कारखान्याला टाळं लागलं तशी ती घरोघरच्या दारं-खिडक्यांच्या फटी बुजवू लागली. घरमालकांना चौकट दुरुस्त करायला सांगा, ते स्वेटर घालायचा सल्ला देतात. कोळसा आम्ही आणायचा, विजेचं बिल आम्ही भरायचं आणि ऊब रस्त्यावर जायची. अशा मालकांना मी कोपरापासून हात जोडते. चिकटपट्टी भांडत बसत नाही. चौकटीभोवती मेणबत्ती फिरवते आणि ज्योत लवते तिथे फोमची पट्टी नाहीतर लुकण भरते. "माझं चिकटवलेलं सुटत नाही," असं ती म्हणाली की मान डोलवायची, वाद घालायचा नाही.

पलीकडच्या गल्लीत तिची थोरली नणंद राहते. चपला चिकटवणारी भावजय तिला कधी चारचौघांत सांगावीशी वाटली नाही. यंदा मात्र घरात नातू आला, दिवस भरायच्या आधीच, ओंजळीत मावेल एवढा. थंडी मी म्हणत होती. नाक मुठीत धरून तिने भावजयीला बोलावलं आणि भावजयीने जीव ओतून काम केलं. खिडकी तर चपलांच्या सोल्युशनने कायमची बंद केली. कोपऱ्यातली धुराड्याची लोखंडी शेगडी तेव्हा विझलेली होती. तिच्याकडे हिचं लक्षच गेलं नाही.

दोन दिवसांनी ती मला तेच काम दाखवायला घेऊन गेली. समितीला नमुना म्हणून दाखवण्यासारखी खोली आहे, म्हणाली.

खोली उबदार होती, शेगडी रसरसलेली. नणंदेने कपाळ फडक्याने आवळलं होतं.

"काय झालं वन्सं?"

"डोकं ठणकतंय कालपासून. हिचंही." तिने भिंतीला टेकलेल्या सुनेकडे हनुवटी केली. "पण बाळ बघ कसं सुस्तावलंय उबेला. दुधालासुद्धा उठत नाही."

चिकटपट्टीचा चेहरा उतरला. तिने माझ्या वहीचं पान फाडलं, त्याची बारीक पट्टी केली आणि शेगडीच्या तोंडाशी धरली. पट्टी आत ओढली जायला हवी होती, ती आमच्याकडे उडाली. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा घरघरत होता. खोलीत कुठून हवा येत नव्हती, म्हणून तो ती धुराड्यातूनच खाली ओढत होता. आणि तिच्याबरोबर कोळशाचा विषारी वायू, ज्याला वासही नसतो.

"पंखा बंद कर. दार उघड," ती मला म्हणाली. "वन्सं, बाळाला घेऊन बाहेर चला."

"गारठ्यात? वेड लागलंय का तुला? मरेल तो."

"इथे ठेवलात तर मरेल."

"परवा ऊब दिलीस, आज काढून घेतेस?" नणंदेने बाळाला छातीशी घट्ट धरलं. "त्याला हात लावायचा नाही."

मी पंखा बंद केला, दार सताड उघडलं. चिकटपट्टी खिडकीला भिडली. खिडकी हलेना. पिशवीतून चामडं कापायची रापी काढून ती स्वतःचंच काम कापत सुटली. पट्टी बोटभर सुटे आणि अडे. तिच्या बोटातून रक्त आलं तरी तिने पाहिलं नाही.

"मोडू नकोस गं, आत्ताच तर केलंस," नणंद म्हणत होती, पण तिची जीभ जड झाली होती.

सून भिंतीला धरून उठली. या घरात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"द्या इकडे, आई."

"बस खाली."

"द्या म्हणते ना." तिने सासूच्या हातातून बाळ अक्षरशः सोडवून घेतलं आणि झोकांड्या खात शेजारणीच्या दारात गेली. तेवढ्यात चौकट कडाडली आणि थंड वारा आत घुसला. मी नणंदेला काखेत धरून बाहेर आणलं.

दवाखान्यात तिघांना ऑक्सिजन लावला. बराच वेळ बाळाची हालचाल नव्हती. चिकटपट्टी बाकावर बसून राहिली, चहालाही नाही म्हणाली. शेवटी ते रडलं, आणि डॉक्टर म्हणाले, आता दूध पाजून बघा. ते प्यायलं.

आता कोणाच्याही घरी गेली की चिकटपट्टी मेणबत्तीच्या आधी एकच विचारते, "इथे काय जळतं?" शेगडी असेल तर तिला बाहेरून हवा देणारी वाट ठेवल्याशिवाय एक फट बुजवत नाही. मी घाई केली तर माझ्यावरही डाफरते.

नणंद घरी आली त्या दिवशी आम्ही गेलो होतो. खिडकीला पोतं लटकत होतं.

"हे कोण नीट करणार?" तिने विचारलं.

"मीच. आधी शेगडीसाठी भिंतीला भोक पाडते."

"भिंतीला भोक? मालक काय म्हणेल?"

"त्याला माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं.

नणंदेने भावजयीच्या बांधलेल्या बोटाकडे पाहिलं. "बस आधी. जेवून मग पाड काय पाडायचं ते."