देवाला विचारलं, शेजारणीला नाही

“मृणालताई, अहो नुसता नारळ फोडला! भिंतीला काहीही झालेलं नाही.”

फोनवर निखिल, माझा क्लायंट. मी मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या घरून ऑफिसला निघाले होते, गाडी अजून ड्राइव्हवेतच होती.

“फोडलास कुठे?”

“भिंतीवरच. आईने पुण्याच्या गुरुजींकडून मुहूर्त काढून घेतला होता. फुटेना, म्हणून जरा जोरात आपटला. चार-पाच वेळा.”

मी कपाळाला हात लावला. अरे बाबा, ती भिंत तुझ्या एकट्याची आहे का?

निखिल मेलबर्नच्या पश्चिम भागात एका जुन्या जोडघरात राहतो. जोडघर म्हणजे घरं दोन आणि मधली भिंत एकच. आमच्या धंद्यात तिला पार्टी वॉल म्हणतात. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. त्या भिंतीलगत खणून नव्या बाथरूमचा पाया घालायचा होता, त्याचं डिझाइन माझं. असं काम काढायचं तर आधी शेजाऱ्याला रीतसर नोटीस द्यायची. काय खणणार, तुमची बाजू कशी सांभाळणार, सगळं त्यात सांगायचं. शेजारी हो म्हणाला की काम सुरू. नाही म्हणाला की प्रकरण बांधकामाला परवानगी देणाऱ्या बिल्डिंग सर्व्हेयरकडे, मग अपील, मग बसा जप करत.

आणि इथे थांबायला सवड नव्हती. निखिलच्या आईचं, सुमनमावशींचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. घरातलं बाथरूम मागे, पायऱ्या उतरून. सपाटीवर नवीन होईपर्यंत त्यांना केअर होममध्ये ठेवलं होतं. तिथे ना वरणभात, ना मराठी बोलायला कुणी. मी भेटायला गेले की विचारायच्या, “अगं, माझा संडास कुठवर आला?” विचारायच्या हसतच, पण माझा हात सोडायच्या नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

शेजारीण रोझा, इटलीहून तरुणपणी आलेली, आता एकटीच. नोटिशीला तिने अजून उत्तर दिलं नव्हतं. नारळाच्या दणक्याने तिच्या शेल्फवरची बशी पडून फुटली आणि तिने थेट सर्व्हेयरला फोन लावला. न विचारता तोडफोड सुरू केलीय, माझा नकार लिहून घ्या.

“लॉयरकडून पत्र पाठवू का?” निखिल म्हणाला.

“गप्प बस. इतकी वर्षं शेजारी राहतोस, तिच्या घरात कधी पाऊल ठेवलंयस?”

“हाय-हॅलो आहे की.”

“आणि नोटीस?”

“लेटरबॉक्समध्ये टाकली.”

धन्य आहे! मी ऑफिसला कळवलं, गाडी थेट निखिलकडे नेली, त्याच्या किचनमधून फुटलेल्या नारळाची दोन भकलं उचलली आणि रोझाची बेल वाजवली.

“हातोडा कुठाय?” तिने दारातच विचारलं.

मी भकलं पुढे केली. “हातोडा नव्हता, हा होता. शुभकामाआधी आम्ही देवाला नारळ फोडतो.”

तिने एक भकल उलटसुलट करून पाहिलं. “म्हणजे देवाला विचारलं. मला नाही.”

“चुकलंच,” मी म्हटलं. तेव्हा कुठे तिने आत घेतलं.

तिचा राग नारळावर नव्हताच. पूर्वी पलीकडच्या बाजूला कुणीतरी खोदकाम केलं होतं, तेव्हा तिच्या किचनच्या भिंतीला भेग गेली. बिल्डर म्हणाला, भेग जुनीच आहे. तिचं कुणी ऐकलं नाही.

“म्हणूनच काम सुरू व्हायच्या आधी आम्ही डायलॅपिडेशन रिपोर्ट करतो,” मी सांगितलं. “तुमच्या घरातल्या आत्ताच्या सगळ्या भेगांचे फोटो. एक प्रत तुमच्याकडे.” मग तिच्या हातात पेन्सिल दिली. “भेग जिथे संपते तिथे तुम्हीच रेघ मारा. भेग रेघेपुढे गेली की मला फोन करा, काम थांबेल. हे अ‍ॅग्रीमेंटमध्येच घालते.”

ती घरभर रेघा मारत फिरली. सामाईक भिंतीपाशी आल्यावर थांबली.

“अगं, त्या बाई कुठे गेल्या? रोज सकाळी घंटी वाजायची. मग बंद झाली. विचारायला धीर होईना. मला वाटलं, गेल्या बिचाऱ्या.”

मावशींच्या पूजेची घंटी! मी तिला सगळं सांगितलं. हाड, पायऱ्या, केअर होम, बाथरूम कुणासाठी ते. नोटिशीत यातलं एक अक्षरही नव्हतं. तिथे फक्त खणायचं कसं, एवढंच लिहितात.

“दुपारी मी झोपते,” रोझा म्हणाली. “तेव्हा ठोकाठोक नाही.”

“लिहिते.”

तिने त्याच दुपारी सही केली. निखिलने नवी बशी नेऊन दिली, तीही लेटरबॉक्समध्ये न टाकता.

बाथरूम झालं. एकही भेग रेघेपुढे सरकली नाही. मावशी वॉकर घेऊन घरी आल्या त्या दिवशी निखिल पुन्हा नारळ घेऊन उभा, पण आधी शेजारी जाऊन विचारून आलेला. रोझा म्हणाली, माझ्या पायरीवर फोड, ती दगडी आहे. पहिल्याच फटक्यात फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोझाचा मला फोन आला. म्हटलं, झालं, भेग सरकली! ती एवढंच म्हणाली, “घंटी वाजली.” माझे डोळे भरून आले.

लोक विचारतात, पार्टी वॉलचं अ‍ॅग्रीमेंट किती लवकर होतं? मी सांगते, आधी शेजाऱ्याची बेल वाजवा, एखाद वेळी दुपारभरात होतं. देवाला नंतर विचारलं तरी चालतं. तो अपील करत नाही.