सॅम्पल म्हणून पाठवलेली मंगलाष्टकं

मोबाईलमुळे धंदा वाढतो असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना एकदा मे महिन्यात वर्ध्यात, कुलर बंद करून, खिडक्या लावून गायला बसवलं पाहिजे. कुलर चालू ठेवला तर त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते आणि बंद केला तर जीव जातो. मी लग्नांत मंगलाष्टकं म्हणते. माझी स्वतःची, दरवेळी नवी बांधलेली. नवरा-नवरीची, आईबापांची, मामा-काकांची नावं ओवून. पूर्वी लोक घरी यायचे, चहा घ्यायचे, मी पेटीवर चार ओळी म्हणून दाखवायची आणि तारीख पक्की व्हायची. आता कोणी येत नाही. आता एकच पालुपद, 'सॅम्पल पाठवा.'

त्या उन्हाळ्यात माझ्या हाती एकच लग्न होतं. शाळेतली गाणं शिकवायची नोकरी आदल्या वर्षी सुटली होती, आणि घरात मीच मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते की या सिझनला जमलं नाही तर पेटी माळ्यावर टाकीन आणि मुकाट्यानं कुठल्यातरी ऑफिसात कामाला लागीन. मला ऑफिसात बसायचं नव्हतं हो! मला मांडवात उभं राहून गायचं होतं. म्हणून ते एक लग्न हातचं जाऊ नये, एवढाच ध्यास.

नवरीची मावशी फोनवर सगळं ठरवत होती. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. माझ्या डीपीला पेटीचा फोटो, तिच्या डीपीला गुलाब. तिनं नावांची यादी पाठवली, मी दोन कडवी म्हणून पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज आला, "मॅडम, लय छान हाये. पण मोठ्या फुफाजीचं नाव काऊन नाई? रुसले त पंगतीतून उठून जातीन ते!" घातलं बाई फुफाजींचं, म्हणजे नवरीच्या आत्याच्या यजमानांचं, नाव. मग, "लहाने काका त्यायच्या पह्यले काऊन आले?" केलं वरखाली. शेवटी फुफाजी पाचव्या कडव्यात बसले आणि तिचं समाधान झालं. मग म्हणाली, "आता एक डाव सगळं सलग म्हणून पाठवजा, घरच्यायले ऐकवते."

इथं मी गाढवपणा केला. आठच्या आठ कडवी म्हणून पाठवली. पहिल्यांदा म्हणताना दारावर भंगारवाला ओरडला, दुसऱ्यांदा माझाच आवाज फाटला. तिसऱ्यांदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, पण मी म्हटलं जाऊ दे, सॅम्पल तर आहे. घामानं फोनसुद्धा बोटांना दाद देईना. कसंबसं रेकॉर्डिंग पाठवलं आणि कुलरपुढे जाऊन बसले.

आठ दिवस काही नाही. मी दर तासाला फोन उघडून बघायची. मग मेसेज आला, 'मॅडम, यावेळेस राहू द्या. आमचे गुरुजीच म्हणणार आहेत.' खाली जोडलेले हात आणि एक फुगा. फुगा कशाचा? मी फोन पलंगावर आपटला. जमिनीवर आपटला असता तर नवा कोण घेऊन देणार होतं?

आता गंमत पाहा. नवरदेव निघाला आमच्या यजमानांच्या साहेबांचा भाचा. पत्रिका घरी आली. मी म्हटलं, मी येणार नाही. यजमान म्हणाले, "साहेबांकडचं आहे, बरं दिसत नाही." गेलो लग्नाला देवळीला. अंतरपाट धरला. मी बायकांच्या घोळक्यात मूठभर अक्षता घेऊन उभी. आणि दोन्ही बाजूंच्या बॉक्सांतून आवाज सुरू झाला. माझा!

तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुजी नुसते उभे होते आणि पहिलं, दुसरं, तिसरं कडवं मी भिंतीएवढ्या बॉक्सातून गात होते. चौथ्या कडव्यात कुकरची शिट्टी वाजली. साऱ्या मांडवानं ऐकली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "स्वयंपाक चालू हाये वाटते." मला हसू येईना आणि रडूही येईना. चोर कुठले, असं मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

चौथं कडवं संपलं आणि ज्या फोनवरून हे वाजत होतं त्यावर कोणाचा तरी कॉल आला. बॉक्सांतून धडधडून रिंगटोनचं नाचाचं गाणं वाजायला लागलं. अर्ध्या लोकांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी सगळ्या अक्षता फेकून दिल्या. स्टेजजवळ गुलाबी शालूतली एक बाई फोनशी झटत होती. हीच मावशी असणार. तिनं कॉल कापला, तर मंगलाष्टकं पुन्हा गणपतीपासून सुरू! मग तीही बंद पडली. गुरुजी वैतागून म्हणाले, "मुहूर्त चालला. मी म्हणतो माझी." त्यांनी घसा खाकरला, तोच पुढच्या खुर्चीतून फेटेवाले गृहस्थ उठले, "असं कसं? माझं नाव राह्यलं नं अजून!"

फुफाजी!

मी का गायले ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग तर पोटात मावत नव्हता. पण अंतरपाटाआड ती पोरगी हार धरून ताटकळली होती, आणि पाचवं कडवं माझ्या तोंडाशी आलेलंच होतं. मी उभी होते तिथूनच सूर लावला. माणसं वळली, मग बाजूला झाली. माईक नाही, पेटी नाही. चार कडवी म्हटली. नाव आलं तसे फुफाजी खाली बसले.  किती दिवसांनी मांडवात उभी राहून गात होते! लग्न लागलं आणि मी मुठीतल्या अक्षता टाकल्या.

मावशी गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. "ताई, काय गायल्या हो! सेम त्या मोबाईलवाल्या मॅडमवानी!"

"ती मॅडम मीच," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तरी ही बाई खाली मान घालेल. तिचे डोळे मोठे झाले. "अगबाई! तुम्हीच का त्या? मग त बरंच झालं. व्हिडिओत मधीच फोन वाजला नं, अन् बंद करता करता ते मोबाईलातलं डिलीटच झालं. घरी गेल्यावर ते शेवटचे चार कडवे तेवढे म्हणून पाठवजा."

"नाही पाठवणार," मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

"बरं बरं," माझ्या हातावर पेढा ठेवत ती म्हणाली, "घाई नाई. उद्या पाठवजा."