सोवळ्यातली बीअर

आंघोळ केल्याशिवाय बीअरला हात न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पिऊन आंघोळीला जाणारे पुष्कळ पाहिले, त्यांचं सोडा. तोआ पायोहमधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शनिवारी सकाळी साडेसातला, न्हाऊन, धुतलेला पंचा नेसून हे गृहस्थ गॅसवर भलंमोठं पातेलं चढवायचे. त्या वेळी कुणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दिसलं, तर "शिवू नकोस!" अशी आरोळी यायची की पाहुणा चार पावलं मागे. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण सिंगापूरच्या आम्हा मराठी मंडळींत ते सोवळेकाका होते.

"देव एका खोलीत, ह्यांचं पिंप दुसऱ्या खोलीत," काकू म्हणायच्या. "दोन्हीकडे पारोसं जाणं नाही. पण खरं सांगू, देवाजवळ हे पाच मिनिटं बसतात आणि पिंपाजवळ दोन तास." काकूंनी जन्मात बीअर चाखली नव्हती. त्यांना त्या वासानं मळमळायचं, तरी बाटल्या उकळत्या पाण्यातून काढायचं काम मात्र त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

हे सोवळं काही ढोंग नव्हतं. घरी बीअर करणं म्हणजे माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी उकळायचं, निववायचं, यीस्ट घालून पिंपात झाकून ठेवायचं आणि मग गप्प बसायचं. निवल्यावर बाहेरचा एक जंतू आत शिरला की संपलं. "मग ती बीअर नाही, म्हशीचं आंबोण," काका म्हणायचे. ते मूळचे चिपळूणकडचे. तीस वर्षं इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होते. गंज चढू न देणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे सगळं जग त्यांना कुठून ना कुठून बिघडायला टपलेलंच दिसायचं.

मी त्यांचा शिष्य झालो तो अधीर माणूस म्हणून. मी बार्शीचा. आमच्याकडे पेरलं की दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन उगवलं का बघतात. इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम सांभाळत होतो, आठवड्याला काहीतरी सुरू करून दाखवायची सवय. पहिल्या वेळी मी चौथ्या दिवशीच पिंपाचं झाकण उचकटून पाहिलं. काकांनी एक घोट घेतला, गालात घोळवला आणि म्हणाले, "बार्शीकर, बुधवारी संध्याकाळी झाकण उघडलंस." वार बरोबर! मी ओशाळलो. "यीस्टला तुझं प्रमोशन कळत नाही. घाई असेल तर खालच्या दुकानातून कॅन आण."

ही त्यांची जीभ. एका घोटात सगळी कुंडली मांडायचे. गहू किती, धणे कुठल्या दुकानातले, पाणी नळाचं की उकळून निववलेलं, सगळं. आम्ही मुद्दाम काहीबाही घालून त्यांना फसवायला बघायचो. कुणी इथे वासासाठी भातात घालतात ते पांदानचं पान घातलं, कुणी कोकम, एकानं तर खारकेची पूड घातली. काकांनी कधी कुणाला विचारलं नाही, "काय घातलंय?" ते सांगायचेच. मी सहा वर्षांत त्यांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता.

त्यांचा आणखी एक दंडक होता. ज्याची बीअर चाखायची, त्यानं घराबाहेर जायचं. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या मांडणीशेजारी, दार लावून. "मुलीला बघायला आल्यावर बाप समोर बसला की सगळे पोहे छान म्हणतात," हे त्याचं कारण. मग आत मंडळी मनसोक्त बोलायची आणि काका दार उघडून निकाल सांगायचे. मी त्या कॉरिडॉरमध्ये इतका उभा राहिलोय की शेजारची चिनी आजी मला संत्री आणून द्यायची. तिला वाटायचं, काकू मला घरात घेत नाहीत.

आता खरी गोष्ट. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता की नोकरी सोडायची आणि स्वतःची छोटी ब्रुअरी काढायची. माझी गव्हाची बीअर लोकांना आवडत होती, मित्र पाठ थोपटत होते, आणि पाठ थोपटली की मी हवेत, हा स्वभावच. पण माझं इथलं राहणं नोकरीच्या पासवर. नोकरी गेली की पास जातो, पास गेला की महिनाभरात गाशा गुंडाळायचा. मुलगी इथल्या शाळेत रुळलेली. माझी बायको मेघना डोकं शांत ठेवणारी. ती भांडली नाही. म्हणाली, "सोवळेकाका हो म्हणाले तर माझंही हो. ते नाही म्हणाले तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही." मी हसत हसत कबूल झालो. राजीनाम्याचं पत्र फोनमध्ये लिहून तयार होतं.

काकांनीच मग 'दौरा' काढला. घरी बीअर करणारे चार लोक आणि दोन ब्रुअऱ्या, एका दिवसात, गाडीनं. सिंगापुरात गाडीचा दौरा म्हणजे विनोदच. इथे जरा जोरात गाडी हाणली की समुद्र लागतो! पण काकूंनी तुळजापूरला निघाल्यासारखी तयारी केली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, पाण्याच्या पाच बाटल्या. गाडी काकांचे मित्र लिम चालवणार होते. ते निवृत्त टॅक्सीवाले, स्वतः उत्तम बीअर करणारे, पण डॉक्टरांनी पिणं बंद केलेलं. "स्मेल कॅन, ड्रिंक कॅनॉट लाह," ते आपल्या सिंगापुरी इंग्रजीत हताशपणे म्हणायचे आणि प्रत्येक ग्लासात नाक घालून यायचे. दशम्या मात्र त्यांनी चार खाल्ल्या.

सकाळी जुरोंगकडच्या एका कारखान्यांच्या इमारतीत गेलो. सहाव्या मजल्यावर, एका बाजूला सोफे शिवणारा, दुसऱ्या बाजूला फिशबॉलवाला आणि मधे चकचकीत टाक्यांची ब्रुअरी. तिशीतला मालक मोठ्या उत्साहात ग्लास भरून आला. काकांनी घोट घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, "टू डेज अर्ली यू मेड इट कोल्ड." पोरगा हसला, मग हसायचा थांबला. खरंच ऑर्डर होती म्हणून त्यानं टाकी दोन दिवस आधी थंड केली होती. "हाऊ यू नो, अंकल?" काका मला म्हणाले, "ह्याला सांग, लोण्याचा वास राहिलाय. लोणी पुरतं कढलं नाही तर तूप लगेच चुगली करतं. आईच्या हाताखाली शिकलोय मी." मी भाषांतर केलं. त्या पोरानं काकांना वाकून नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला. निघताना टी-शर्ट दिला. तो काकांनी पुढे पिंप पुसायला वापरला, पण धुऊन.

दिवसभर हेच. हॉकर सेंटरमध्ये नूडल्सच्या गाळ्याशेजारी स्वतःची बीअर विकणारी एक बाई भेटली, चांगीजवळ पाळण्यातल्या नातवाला झोका देत पिंप राखणारे एक आजोबा भेटले. कुणाची कुठली भाषा, कुणाचा कुठला देव, पण पिंपाजवळ सगळे सारखेच हळू बोलत होते. आणि प्रत्येकाला काका एक खरं वाक्य सांगून येत होते. माझी छाती फुगत होती. म्हटलं, ह्या माणसाकडून आज आपल्याला प्रमाणपत्र मिळणार!

संध्याकाळी तोआ पायोहला परत आलो. मी सोबत नेलेल्या तीन बाटल्या बर्फातून काढल्या, काकूंच्या हातात दिल्या आणि नेमाप्रमाणे बाहेर जाऊन उभा राहिलो. खाली खेळणाऱ्या मुलांचा आवाज येत होता. फोनमधलं पत्र मी दोनदा वाचलं.

दार उघडलं. काका म्हणाले, "बीअर फर्स्टक्लास आहे."

मी पत्र पाठवायला फोन वर धरला.

"पण बाळा, ही माझी आहे."

"म्हणजे?"

"माझेच धणे, माझाच गहू, माझंच पाणी. संत्र्याच्या साली करपल्यासारख्या लागतायत ना? त्या माझ्याकडून एकदा चुकून करपल्या होत्या. नंतर मला आवडल्या म्हणून तशाच ठेवल्या. तू माझी चूकसुद्धा उचललीस. दुकान काढशील, चालेलही. पण त्यात तू कुठे आहेस? माझ्या चुकीवर पोराबाळांना घेऊन घर सोडू नकोस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहा वर्षं ज्यांच्याकडे शिकलो त्यांची बीअर जमली, हा गुन्हा झाला? मी चपला घातल्या, काकूंचा खिचडीचा आग्रह मोडला आणि लिफ्टनं खाली आलो. घरी पत्र पुसून टाकलं. मेघनानं रोजच्यासारखं ताट वाढलं, आणि त्यामुळे मी जास्तच भडकलो. चार महिने मी त्या अकराव्या मजल्यावर पाय ठेवला नाही. मला राग काकांचा नव्हताच, हे मला आता कळतंय. ते बरोबर बोलले होते, ह्याचा होता.

पिंप रिकामं पडलं होतं. नागपंचमीला मेघनानं लिटल इंडियातून ज्वारी आणून कढईत लाह्या फोडल्या. झाकणाखाली तडतड सुरू झाली आणि घरभर तो वास पसरला. आमच्या बार्शीच्या घरी ह्या वासासाठी मी चुलीजवळून उठायचो नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, धिस वन बेबी पॉपकॉर्न लाह." मी मूठभर तोंडात टाकल्या आणि तिथेच उभा राहिलो. धणे नकोत, संत्री नकोत. ही ज्वारी माझी! दुसऱ्या शनिवारी मी आंघोळ केली, पंचा नव्हता म्हणून धुतलेली लुंगी नेसलो आणि ज्वारीच्या लाह्या घालून पातेलं चढवलं. दोनदा फसलो. तिसऱ्यांदा झाकण लावलं आणि एकवीस दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाटल्या भरल्या त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. "अरे, रुसवा पुरे कर. आम्ही निघालोय. गुडघे माझे गेले, आता चिपळूणला लेकीजवळ राहणार." चार महिने, मूर्खासारखे, मी वाया घालवले होते.

गेलो तेव्हा फ्लॅट रिकामा झाला होता. देव खोक्यात, पिंप दाराशी. लिम खिडकीत बसले होते. मी एक बाटली काकूंच्या हातात दिली, कुणाच्या डोळ्यांत न बघता बाहेर गेलो आणि दार लावून घेतलं.

ह्या वेळी फार वेळ लागला. शेजारची आजी संत्री देऊन गेली. मग दार उघडलं आणि काका स्वतः बाहेर आले, अनवाणी. त्या कॉरिडॉरच्या धुळीत अनवाणी उतरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हातात ग्लास, अर्धा रिकामा. माझ्याकडे बघितलं, पुन्हा एक घोट घेतला, गालात घोळवला, गिळला.

"बार्शीकर," ते म्हणाले, "काय घातलंयस ह्यात?"

मला रडू आलं. लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

"सांगत नाही," मी म्हणालो.

"शहाणा आहेस," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. पिंप त्यांनी मला दिलं. देताना आधी उकळत्या पाण्यानं तीनदा धुवायला सांगितलं, दुसऱ्याच्या घरचं म्हणून.

नोकरी अजून आहे. जुरोंगच्या त्या पोरानं माझी बीअर त्याच्या टाकीत एकदा करून पाहिली, आता पुन्हा करतोय, बघू. घाई नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी कॉरिडॉरमध्ये उभं करतो आणि आत खरं बोलतो.

काकांचा दर रविवारी चिपळूणहून फोन येतो. तब्येतीचं दोन वाक्यांत उरकतात आणि मग मुद्द्यावर. "भाजलेले पोहे?" नाही. "नाचणी?" नाही. "वऱ्याचे तांदूळ?" नाही, काका. भातावर वाढलेला माणूस, ज्वारीपर्यंत यायला वेळ लागणारच. गेल्या रविवारी म्हणाले, "साळीच्या लाह्या!" लाह्यांपर्यंत आले, फक्त धान्य चुकलं. नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते. त्यांना कळलं की हे फोन थांबतील, अशी मला उगीच भीती वाटते. म्हणून, तुम्हाला सांगितलं तरी त्यांना सांगू नका.

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, हरलो म्हणा की एकदाचं!"

"गप गं," काका म्हणाले. "अजून पुष्कळ धान्यं उरलीत."