मॅडमची गिरणी गप्प बसवू नका

अन्याय झालाय तो वासंती भोईर यांच्यावर. कधी, तर गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी साडेतीन वाजता, ठाण्यातल्या त्यांच्याच कॉलेजच्या सभागृहात, त्यांच्याच शोकसभेत. प्राचार्यांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की भोईर मॅडम अत्यंत शांत, मितभाषी आणि गंभीर होत्या. मागच्या रांगेतले त्यांचे विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, मी चुकीच्या शोकसभेत येऊन बसले की काय... मग पुढची घोषणा झाली. मॅडमच्या स्मरणार्थ त्यांच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेचा 'शांतता कक्ष' होणार, आणि तिथली दगड दळायची गिरणी गुंडाळून गोदामात जाणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

मितभाषी? जायच्या तीन दिवस आधी ही बाई डोंबिवलीजवळच्या आपल्या गावात, भाचीच्या हळदीत, डीजेच्या स्पीकरसमोर नाचत होती. साठीला टेकलेल्या, अंगभर हळद, चष्मा डोक्यावर चढवलेला. मला बघितलं तशा हाताला धरून ओढत म्हणाल्या, "काय गो पत्रकवाले, इथं पण निवेदन द्यायला आलीस? ठेव ती झोळी, नाच." झोळी ठेवली, नाचले. त्यानंतर त्या एका सकाळी उठल्याच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं. भाचीचा फोन आला तेव्हा मी खडवली स्टेशनबाहेर पोस्टर चिकटवत होते. हातावरची खळ तशीच सुकली. ते पोस्टर तिथे अजून तिरकंच आहे.

आमची ओळख भांडणातून झाली. टिटवाळ्याला आमच्या वस्तीमागच्या खाणीवर खडी फोडायची मशीन लागली होती. तिची धूळ तुळशीवर, ताटात, पोरांच्या छातीत. मशीनचा मालक म्हणायचा, ही रस्त्याची धूळ आहे, आमची नाही. 'शिकलेले लोक गप्प का?' असं पत्रक छापून मी कॉलेजात वाटत फिरत होते. मॅडमनी ते व्हरांड्यात उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि विचारलं, "दगड आणलास का?" मी म्हटलं, धूळ आणलीय. "धूळ बरोबर आहे गो, पण जिच्यावर आरोप करतेस त्या खाणीचा दगड कुठाय? आधी दगड, मग भांडण." त्यांचा नियमच होता तो. भेटायला येणाऱ्याने, मग तो विद्यार्थी असो की पाहुणा, आपल्या गावचा दगड आणायचा. पेढे आणले तर पेढे ठेवून घ्यायच्या आणि माणसाला दगडासाठी परत पाठवायच्या.

दुसऱ्या दिवशी दगड घेऊन गेले. त्यांची गिरणी म्हणजे जेमतेम टेबलावर मावेल एवढं यंत्र. आत जाड भांडं, भांड्यात पांढऱ्या, गुळगुळीत, लोखंडापेक्षा टणक गोळ्या. दगडाचा चुरा आणि थोडं स्पिरिट घालून झाकण आवळायचं आणि यंत्र सुरू करायचं. भांडं गरागरा फिरतं, गोळ्या एकमेकींवर आपटतात, मधे सापडलेला दगड दळला जातो. आवाज असा, की जणू कुणी पितळी डब्यात खडे भरून जिन्यावरून सोडून दिलाय आणि जिना संपतच नाही. शेवटी जे उरतं त्याचा कण साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. चिमूटभर पाण्यात टाकलं तर पाणी दुधासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहतं, तळाला काही बसतच नाही. पीठ जितकं बारीक तितका तपासणीत दगड खरं बोलतो, असं त्या म्हणायच्या. आमची धूळ आणि खाणीचा दगड, दोन्ही बोलले. एकच निघाले. तो अहवाल मी ठाण्याच्या प्रदूषण कचेरीत नेऊन दिला, तेव्हा मशीनवर पत्रे चढले, पाण्याचे फवारे लागले.

एक दगड झाला की मॅडम भांड्यात नुसती स्वच्छ वाळू घालून फिरवायच्या, पहिल्याचं काही दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. हा नियम त्यांनी मलाही लावला. ठाण्याच्या कचेरीत कुणाशी तरी वाद घालून मी धुमसत आले की दारातच विचारायच्या, "वाळू फिरवून आलीस का? नाय ना? मग बाहेर बस. त्याचा राग मना नको." मी बाहेर बसायचे. गिरणी तापते म्हणून थोडा वेळ फिरवून थोडा वेळ थांबवायची असते. त्या थांबण्यात कामाचं बोलायला सक्त बंदी. सगळे व्हरांड्यात येणार, हात धुणार, मग मॅडमच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. वासाची तक्रार वरच्या मजल्यावरून आली, तर मॅडमनी तक्रार करणाऱ्या सरांनाच भाकरी पाठवली. पुढच्या आठवड्यात सर स्वतःच दगड घेऊन खाली आले.

माझ्या एका पत्रकावर त्या म्हणाल्या होत्या, "जास्त दळलंस. एका हद्दीनंतर पीठ बारीक होत नाही, परत चिकटून गोळा होतं. तीन ओळी ठेव." तीन ओळी ठेवल्या. पहिल्यांदाच लोकांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

आणि आईचा किस्सा सांगितल्याशिवाय कसा राहू... घरी मी गिरणीचं इतकं कौतुक केलं, की गणपतीच्या आधी आईने माझ्या झोळीत धुऊन वाळवलेला आंबेमोहोर भरून दिला. म्हणे, बाईंना सांग, मोदकाला दळून द्या, आमचा गिरणीवाला जाडंभरडं देतो. मॅडमनी पिशवी उघडली, वास घेतला, आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दगडाच्या भांड्यात तांदूळ शक्यच नव्हता. त्यांनी तो डोंबिवलीतल्या साध्या चक्कीवर दळून घेतला आणि चतुर्थीला स्वतः टिटवाळ्याला घेऊन आल्या. आईला खरं काय ते सांगितलंही. आईने मान डोलावली आणि आत येऊन मला म्हणाली, "किती विनय गं बाईंचा." मोदक खरंच मऊ झाले. ते पीठ शास्त्रज्ञ बाईंच्या यंत्रातलं, हे आई आजही आळीत सांगते. मी वाद घालत नाही. जगात मी फक्त एवढ्या एकाच गोष्टीवर वाद घालत नाही.

शोकसभेनंतर मी त्या खोलीत गेले. गिरणीवर प्लास्टिक होतं, दोरी बांधलेली. बाजूला गोळ्यांची बरणी; उचलून हलवली तर खळखळली, आणि दारातल्या शिपाईमामांनी दचकून आत बघितलं. टेबलावर एक काळा दगड होता, खडवलीचा. तिथेही आता खडीची मशीन आलीय, तिथलाही मालक म्हणतो धूळ रस्त्याची. मॅडम जाण्याच्या आठवड्यात तो दगड तिथल्या बायकांनी दिला होता. तो दळायचा बाकी आहे. गिरणी चालवायला मॅडमचे विद्यार्थी तयार आहेत, त्यांना येते. फक्त दोरी सोडायचीय.

म्हणून तुम्हाला सांगते, सुस्कारा टाकून पान उलटू नका. येत्या शनिवारी दुपारी आपापल्या गावचा एक दगड घ्या आणि कॉलेजच्या फाटकावर या. हार नको, फोटो नको. भाकरी आणलीत तर बरं. आत जायला कुणी अडवलं, शांतता राखा म्हणाला, तर दगड दाखवा आणि मोठ्याने सांगा: गिरणी लावा.