गाडी लागणे

गाडी निवडायची म्हणून आबांनी घरातला सर्वांत मोठा पितळी तांब्या काठोकाठ भरून घेतला आणि तो दोन्ही हातांत सांभाळत ते रस्त्यावर आले. मंगळवार पेठेतली सकाळ होती. तालमीतल्या तांबड्या मातीचा ओलसर वास, कुणाच्या तरी चुलीवर उतू गेलेल्या दुधाचा करपट वास, आणि या सगळ्यांवर आमच्या घराचा स्वतःचा असा गुळाचा दाट गोडवा. आबा, म्हणजे माझे वडील, गुळाचे अडते होते. त्यांच्या अंगरख्याला, हिशेबाच्या बैठकीला, आम्हा मुलींच्या केसांनासुद्धा तो गोडवा चिकटलेला असे. त्या सकाळी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर गोडवा नव्हता. एखाद्या विधीला निघाल्यासारखे ते गंभीर होते.

गंभीर असण्याला कारण होते. माझी थोरली बहीण, आमची आक्का, मलकापुरात दिली होती. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात ती सर्व्हिस मोटारीत बसून माहेरी आली. खडीच्या रस्त्याने वाटभर हादरे खाल्ले. आणि घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात तिचे मूल गेले. ते हादऱ्यांनी गेले असे दोन्ही घरांनी ठरवून टाकले होते. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि तिच्या सासूबाईंचा निरोप आला होता, "लेक न्यायची तर हादरा न बसणाऱ्या गाडीतनं न्या. न्हायतर बाळंतपण हितंच हुंदे." आबांनी गाडी घ्यायचे ठरवले ते त्या निरोपानंतर. रोज गूळ वाहता येईल, घरातली सगळी माणसे मावतील आणि आक्काला आडवे होऊन येता येईल, अशी गाडी त्यांना हवी होती.

पहिली गाडी एका सरदार घराण्यातली होती. संस्थान विलीन झाल्यापासून गावातल्या मोठ्या घरांतून हत्तींच्या झुली, झुंबरे आणि मोटारी एकेक करून बाहेर पडत होत्या, त्यांतलीच ही. उघड्या टपाची, लांबलचक, तांबड्या कातड्याच्या बैठकीची. माझ्या दादाचा जीव तिच्यावर जडला. पण आबांनी मागच्या बैठकीवर तांब्या ठेवला आणि पहिल्याच वळणाला पाणी कातड्यावर सांडले.

"हिच्यात बसून काय वरात काढणार हाईस व्हय रं?" आत्या दारातून म्हणाली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आबांना अरेतुरे करणारी घरातली एकमेव व्यक्ती.

दुसरी गाडी नवीन होती. काळी, चिमुकली, जांभळासारखी चकचकीत. आबा आत बसले, गुडघे छातीशी आले, आणि तसेच बाहेर येऊन म्हणाले, "मी बसलो तर गूळ बसत न्हाय, आन् गूळ बसला तर मी न्हाय." तिची परीक्षा तांब्यापर्यंत पोचलीच नाही.

तिसरी डिस्पोजलची. महायुद्ध संपल्यावर सैन्याने टाकून दिलेल्या गाड्या लिलावातून गावोगाव पोचल्या होत्या. ही मूळची जखमी वाहणारी. मग कुणी तरी तिच्या मागच्या सांगाड्याला लाकडी फळ्यांचा तळ आणि कॅनव्हासचे जाड पडदे लावले होते. आत दोन्ही बाजूंना समोरासमोर बाके होती. पुढची बैठक आणि मागचा भाग यांच्या मधोमध फळ्यांची भिंत, आणि त्या भिंतीत एक न उघडणारी छोटी काच. गाडी जड होती, हत्तीसारखी संथ डुलत चाले. रंकाळ्यापर्यंत जाऊन ती दाराशी परत आली तेव्हा तांब्यातले पाणी नुसते थरथरत होते. एक थेंबही खाली आला नव्हता.

"गाडी न्हवं ही, पाळणा हाय पाळणा!" आबा म्हणाले.

हादऱ्याची परीक्षा झाली. आणखी कशाची परीक्षा घ्यायची असते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

आत्याने मात्र पडदा बाजूला करून आत नाक घातले आणि लगेच मागे घेतले. "मिलिटरीची गाडी. हिच्यात कोण कोण निजलं आसंल, आन् कोण उठलंच नसंल."

"आगं, आता ह्यात गूळ निजंल की," आबा हसले. पण लिंबू-मिरची त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली.

घरात बसण्याची रीत ठरलेली होती. पुरुष पुढे, बायका मागे. पुढे दादा चालवी, आबा शेजारी बसत, दोन्ही खिडक्या उघड्या. मागे आई, आत्या, मी. आणि धुळीने, उन्हाने, लोकांच्या नजरेने पडदे बहुधा सोडलेले. आतला उजेड तपकिरी होई, जुन्या मधासारखा. त्या उजेडात एक वास होता. तो पेट्रोलचा नव्हता, कॅनव्हासचाही नव्हता. गूळ आटवायच्या काहिलीचा तळ लागावा तसा काहीसा, पण गोडव्याखाली एक धातूची चव असलेला. तो नाकात फार वेळ राहत नसे. थोड्या वेळाने कळेनासा होई, आणि मग डोक्याभोवती कुणी ओला कपडा पिळून आवळावा तसे वाटू लागे.

"हिला गाडी लागती," आई म्हणे आणि माझ्या हातात आवळासुपारी ठेवी. मग आईलाही लागे. आत्यालाही.

आमच्या मराठीतला हा शब्द किती सहज सगळे झाकून टाकतो! तहान लागते, झोप लागते, वारे लागते, दृष्ट लागते, गाडी लागते. लागले, म्हणजे आपोआप लागले. कोणी लावले, कशाने लागले, हे विचारायची सोय त्यात नाही. कॉलेजात मी कवितेतल्या श्लेषांवर पानेच्या पाने लिहीत होते, आणि घरात या एका शब्दाच्या आड काय बसले आहे ते मला दिसत नव्हते. पुरुषांना गाडी कधी लागत नसे. "बायकांच्या जातीला लागतीच," दादा म्हणे. आणि मागे बसलेल्या आम्ही झोपी गेलो की आबा काचेतून वळून बघत आणि समाधानाने मान हलवत. पाळणाच तो.

मग गडमुडशिंगीची ती फेरी झाली. एका बागायतदाराकडे गुळाचा सौदा होता, आणि त्याच्या घरी सुनेच्या डोहाळजेवणाला आम्हा बायकांनाही बोलावणे होते. निघताना त्या माणसाने आबांच्या हातात पाय बांधलेली एक कोंबडी दिली. "पावणं, रिकाम्या हातानं न्हाय जायचं." कोंबडी आमच्या बाकाखाली, फळ्यांवर ठेवली. रस्ता जवळचाच, पण धुळीचा. पडदे सोडले होते. थोडा वेळ ती कुरकुरत होती. मग गप्प झाली. मला वाटले, तिलाही झोप लागली.

दारात उतरलो तेव्हा ती मेलेली होती. "उष्म्यानं," आई म्हणाली. मार्गशीर्ष चालला होता. संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी लागत होती. मी कोंबडीला हातात घेतले. तिच्या अंगावर जखम नव्हती. आणि तिचा तुरा, जो मेल्यावर निळसर, मळकट व्हायला हवा, तो लाल होता. जास्वंदीसारखा लाल, जिवंतपणी नव्हता त्याहून अधिक लाल. त्या लालीकडे पाहवेना. आत्याने ती कोंबडी रांधू दिली नाही. "ह्या गाडीनं पहिला घास घेतला," एवढेच ती पुटपुटली, आणि आबा तिच्यावर खेकसले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही आक्काला आणायला निघालो. आई तेवढी घरी राहिली.

आक्काच्या सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, फळ्यांवर हात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "व्हय, ही बरी हाय." दोन्ही बाकांच्या मधोमध त्यांनी स्वतः गादी घातली. आक्का त्या गादीवर कुशीवर निजली. तिच्या हातांना हळदीचा आणि नव्या बांगड्यांच्या लाखेचा वास येत होता. माझा हात तिने पोटावर ठेवून घेतला. "बघ, कसा लाथा मारतोय. सकाळधरनं दम न्हाई." खरेच, तळव्याखाली काहीतरी सरकले, आतून कुणी कोपराने ढुसणी द्यावी तसे.

"पडदं घट्ट बांधा," सासूबाई म्हणाल्या. "गरवार बाई हाय. वारं लागंल."

आत्याने एकेक नाडी ओढून गाठ मारली. वारे बाहेर राहिले.

वाटेत आधी गप्पा झाल्या. आक्काने सासरच्या खोड्या सांगितल्या, आत्याने तिला टोमणे मारले, "खाऊन खाऊन दारात मावंनाशी झालीस की गं!" मग बोलण्यातले अंतर वाढत गेले. इंजिनाची घरघर गादीतून, फळ्यांतून, हाडांतून येत होती. माझ्या कपाळावर तो ओला कपडा आवळू लागला. आत्याची मान छातीवर पडली. आक्का झोपली होती. पडद्याच्या एका फटीतून उजेडाची एक पट्टी तिच्या चेहऱ्यावर येत-जात होती, आणि मी अर्धवट ग्लानीत तिच्याकडे पाहत होते. किती सुंदर दिसत होती ती! गरोदरपणात फिकट पडलेले तिचे गाल गुलाबी झाले होते. ओठ लाल झाले होते. ती लाली मी ओळखली. कुठे पाहिली ते आठवायला मला जो वेळ लागला, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब वेळ असावा.

मी पडद्याच्या गाठीकडे गेले. माझी बोटे दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी वागत होती. आत्याने डोळे उघडले. एरवी ती अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशी ओरडली असती, पण ती अगदी हळू, लहान मुलीसारखी म्हणाली, "नको गं. वारं लागंल तिला." आणि तिचे डोळे पुन्हा मिटले. त्या हळू आवाजाने मी जितकी घाबरले तितकी कशानेच घाबरले नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि काचेवर मारला. काच फुटली. दादाने गाडी थांबवली.

पन्हाळ्याचा डोंगर दिसू लागतो तिथे रस्त्याच्या कडेला आम्ही आत्याला आणि आक्काला बाहेर काढले. उघड्यावर येताच आत्या सावरली. आबांनी आक्काच्या तोंडावर पाणी मारले. बऱ्याच वेळाने ती ओकली, डोळे उघडले, आणि तिचा हात आधी पोटावर गेला. तिथेच राहिला.

"गाडी लागली काय?" दादाने विचारले. "घिऊदे जरा वारा. मग जाऊ."

"हलंना झालंय," आक्का म्हणाली.

"झोपलं आसंल," आबा म्हणाले. "चल, आत निज. ऊन उतरायच्या आत घर गाठू."

"मी न्हाई बसत, आबा."

आबांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. मी म्हणाले, "आबा, ती कोंबडी अशीच मेली. आपण पुढं बसता. आपल्याला कळत नाही."

ते माझ्याकडे वळले. मला वाटले, आता हात उचलतील. पण त्यांनी फेटा काढून माझ्याकडे दिला, मागच्या बाजूने आत चढले, आक्काच्या गादीवर आडवे झाले आणि फुटक्या काचेत उशी कोंबून ओरडले, "पडदं बांध रे. त्या पुलापतुर जाऊन ये. हळू."

गाडी गेली. आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला बसलो. आक्का डोळे मिटून आपल्या पोटाकडे कान लावून बसली होती. शरीराला असा आतून कान असतो हे मी त्या दिवशी पाहिले. माळावर कुठे तरी ऊस गाळत होते. काहिलीचा वास वाऱ्यावर येत होता, आणि तो ओळखीचा गोडवा माझ्या घशाशी आला.

गाडी परत आली. आबा उतरले नाहीत. दादाने पडदा सोडवला तेव्हा ते बाकाला धरून बसले होते. चेहरा लालबुंद झाला होता. ते खाली उतरले, कडेच्या दगडाला धरून ओकले, आणि तोंड पुसायचेही भान न राहता तसेच बसून राहिले. दादाच्या ओठांवर तो नेहमीचा शब्द आला असावा. त्याने तो गिळला.

मागून आलेल्या सर्व्हिस मोटारीला आबांनीच रस्त्याच्या मध्यात उभे राहून थांबवले. आक्का खिडकीशी बसली. प्रत्येक खड्ड्याला तिचे अंग उडत होते आणि त्याचे आता कुणालाच काही वाटत नव्हते. माझा हात तिने पुन्हा पोटावर ठेवला. पंचगंगेच्या पुलावर तळव्याखाली काहीतरी हलले.

"हललं न्हवं?" तिने विचारले.

ते मूल होते की मोटारीचा धक्का, मला सांगता आले नसते. "हललं," मी म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी नळी पोटावर टेकवली, जागा बदलली, पुन्हा बदलली. शेवटी त्यांनी मान वर केली. "ठोके आहेत. बाकीचं मूल आल्यावर कळेल."

गाडीच्या फळ्यांखाली धुराची नळी तडकलेली निघाली; इंजिनाचा विषारी धूर फटींतून आत येत होता. आबांनी ती उद्यमनगरातल्या एका कारखान्यात जोडून घेतली, आणि त्या गाडीने पुढे बरीच वर्षे गूळ वाहिला. गाडी सोयीची होती.

आक्काला मुलगी झाली. गोरी, शांत, फारशी न रडणारी. "गुणाची हाय," सगळे म्हणत. ती बसू लागली, रांगू लागली, तरी शांतच होती. दुपारी घर निजले की आक्का आवाज न करता तिच्या पाठीमागे जाऊन बसे आणि हलकेच टाळी वाजवी. मुलगी वळून बघे. आक्का हसून तिला पुन्हा खेळाकडे वळवी, थोडी थांबे, आणि या वेळी आणखी हळू टाळी वाजवी.