रुखवतातली बोटभर वरात

ताईच्या रुखवतात बोटभर उंचीची अख्खी वरात ठेवायची हा हट्ट माझा. वय सोळा-सतरा, घाई दांडगी. घोडा, बँडवाले, करवल्या, सगळं शाडूचं. रुखवत नवरीच्याच हातचं असं सांगायची रीत, आणि आमच्या ताईला साधी रांगोळी सरळ काढता येत नसे. सासर वैरागचं. नवरदेवाची आत्या एकेक लाडू उलटून बघते, ही बातमी आधीच पोचलेली. तिनं नाक मुरडलं तर ताईला ते जन्मभर ऐकावं लागणार. मला त्याचीच धास्ती होती.

पोस्टर कलरनं रंगवलेली माणसं सपाट दिसत होती. वरून पातळ काळपट रंग फिरवला की तो चुण्यांत उतरतो आणि लुगडं खरं वाटतं, एवढं मला ठाऊक होतं. नवी पेठेतून तयार शाईची ऐटदार बाटली आणली. पहिल्याच करवलीवर फिरवली, तर खालचा गुलाबी रंग विरघळून तिच्या तोंडाचं वांगं झालं. पाण्याच्या रंगावर पाण्याचीच शाई! कुंचला भिरकावला मी.

आणि एकदम सुचलं, रॉकेल! पाण्याचा रंग त्यात विरघळत नाही. समईवर वाटी धरून काजळी जमवली, रॉकेलात कालवली, करडईच्या तेलाचे दोन थेंब टाकले. ढोलवाल्यावर हात फिरवला मात्र, कोटाच्या चुण्या, ढोलाच्या दोऱ्या, मिशीचा केस न् केस वर आला. मी घरभर नाचले. लग्नाच्या सकाळीसुद्धा शेवटी उरलेला घोडा रंगवत होते.

आत्याबाई रुखवतापाशी आल्या आणि थबकल्या. "रॉकेल सांडलंय का हितं?"

त्यांनी ढोलवाला उचलला, डोळ्यांजवळ धरला. "कुणी केलं ह्ये?"

"नवरीनंच," आई म्हणाली.

त्यांनी ताईचा हात हातात घेऊन हुंगला. नुसती मेंदी. मग माझ्याकडं वळल्या. मी हात पाठीमागं लपवले, तरी त्यांनी ओढून घेतलेच.

"आमच्या सूनबाईचा हात लई नाजूक हाय की!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. ताईचा चेहरा उजळला. मग माझ्या कानाशी लागल्या.

"म्होरल्या म्हयन्यात माझ्या लेकीचं लगीन हाय. आमच्यातबी नवरीच्याच हातचं असतंय. तू चार दिस आदीच ये, म्हंजी वास जाईल."